डॉक्टर भेटलाच नाही

जानेवारीत फुटपाथवरच्या बर्फावरून घसरले आणि पडताना सगळे करतात तेच केलं, हात पुढे टेकला. उजवा. त्यानंतरचे चार तास पन्नास मिनिटं इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे अपघात विभागात, बसून काढली. त्यातला तासभर तरी मी समोरच्या भिंतीवरचं एक पोस्टर वाचत होते. कुठल्या रंगाचा गणवेश म्हणजे कोण, हे सांगणारं पोस्टर. गडद निळा म्हणजे सिस्टर, फिकट निळा म्हणजे स्टाफ नर्स, करडा म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट, पांढऱ्यावर निळी किनार म्हणजे फिजिओ, मरून म्हणजे रेडिओग्राफर, एक्स-रे काढणारे. रंग पाठ झाले माझे. दुसऱ्या रुग्णालयात गेलं की हे रंग बदलतात म्हणे, तो वेगळाच वैताग.

डॉक्टरचा रंग मात्र त्यात नव्हता. पांढरा कोट तर नव्हताच. इंग्लंडमध्ये २००७ च्या नियमावलीनंतर तो जवळपास गेलाच. कोपराच्या खाली बाही नको, घड्याळ नको. हात नीट धुता येत नाहीत आणि जंतू इकडचे तिकडे जातात. पटतं. पण दुखऱ्या हाताने बसलेल्या माणसाला कोट दिसला की धीर येतो, त्याचं काय? समोरून जाणारा प्रत्येक बाह्या दुमडलेला माणूस डॉक्टर असेल या आशेने मी सावरून बसत होते. त्यातला एक व्हेंडिंग मशीन भरायला आलेला निघाला.

अखेर नाव पुकारलं. आत बसली होती ती एमर्जन्सी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतःच तपासून उपचार ठरवणारी नर्स. पिवळा बिल्ला, त्यावर ‘हॅलो, माय नेम इज’ आणि खाली पहिलं नाव. हे बिल्ले डॉ. केट ग्रेंजर यांच्यामुळे आले. त्या स्वतः डॉक्टर, कर्करोगाने आजारी. २०१३ मध्ये रुग्ण म्हणून खाटेवर पडल्या असताना लक्षात आलं की येणारा-जाणारा कुणी स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही. त्यांनी मोहीम काढली. २०१६ मध्ये त्या गेल्या, बिल्ले राहिले. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण सगळेच पहिल्या नावाने भेटायला लागले की डॉक्टर कोण ते मुळीच कळत नाही.

नर्सने माझा अंगठा वर करायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो, त्यात तिने बोट दाबलं आणि मी अस्सल मराठीत ‘आई गं’ म्हणाले. तिला भाषांतर लागलं नाही. तिने स्वतःच कॉम्प्युटरवर एक्स-रे मागवला, कुणाला विचारलं नाही, कुणाची सही घेतली नाही. इथल्या कायद्यात एक्स-रे मागवणारा डॉक्टरच हवा असं नाही. नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिक हवा, रुग्णालयाने त्याला तसा अधिकार दिलेला हवा, बस्स.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येते. नाव, जन्मतारीख, पत्ता. रिसेप्शनवर सांगितलं. कुणाला आधी पाहायचं ते ठरवणाऱ्या ट्रायाज नर्सला सांगितलं. प्रॅक्टिशनरला सांगितलं. एक्स-रेच्या दारात रेडिओग्राफरने पुन्हा विचारलं, तेही अर्ज तिच्या हातात असताना. मी म्हटलं, ‘तेच, जे तुमच्या समोर लिहिलंय.’ ती हसली आणि म्हणाली, ‘मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’ नंतर कळलं की यात मेख आहे. ‘तुम्ही अमुक तमुक का?’ असं विचारायचंच नाही, कारण घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो आणि भलत्याच्या छातीचा एक्स-रे निघतो. २०१७ चे इथले नियम आहेत, आयआरएमईआर म्हणतात, वैद्यकीय किरणोत्सर्गासाठीचे. एक्स-रे मागवणारा कोण, तो काढणं योग्य आहे असं ठरवणारा कोण आणि काढणारा कोण, हे त्यात वेगवेगळं लिहिलंय, आणि काढणाऱ्याने माणूस ओळखूनच बटण दाबायचं. सगळं मान्य. पण माझं आडनाव चार वेळा उच्चारून, चार वेळा स्पेलिंग सांगून, त्या चारही जणांनी ते चार वेगवेगळ्या प्रकारे मोडलं, याला कुठला नियम?

त्यावर पुढचा प्रश्न: ‘तुम्ही गरोदर असण्याची शक्यता आहे का?’ माझं वय एक्कावन्न. बारा ते पंचावन्न वयाच्या रुग्णांना काही ठिकाणी सरसकट विचारतात म्हणे. मी तिला सांगितलं, असले तर आधी वर्तमानपत्राला फोन करते.

ती मुलगी तिशीच्या आतली असेल. स्कॅफॉइड या मनगटातल्या हाडाचे वेगवेगळ्या कोनांतून चार व्ह्यू घेतले. काचेमागे जाऊन स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा बाहेर आली, माझं मनगट दोन बोटांनी किंचित करंगळीकडे वळवलं आणि पाचवा घेतला. मी विचारलं, ‘काही दिसलं का?’ म्हणाली, ‘मी माझी नोंद टाकलीय, नर्स सांगेल.’ नर्सने सांगितलं की फ्रॅक्चर नक्की दिसत नाही, पण दुखतंय ते वाईट जागी, शिवाय रेडिओग्राफरने शंका लिहिलीय, तेव्हा असल्याचं धरून चालू. स्प्लिंट बांधलं, घरी पाठवलं. दोन दिवसांनी फिजिओचा फोन: रिपोर्ट आलाय, हाडाच्या मधल्या भागात बारीक चीर आहे, प्लास्टर करायला या. प्लास्टर केलं ते प्लास्टर टेक्निशियनने. माझे एक्स-रे ऑर्थोपेडिक कन्सल्टंटने पाहिले होते असं पत्रात आहे. असतील पाहिले. मी काही त्यांना पाहिलं नाही.

रिपोर्ट फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसला. शेवटची ओळ वाचून मी उडालेच. सही रेडिओलॉजिस्टची, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरची, नव्हती. ‘रिपोर्टिंग रेडिओग्राफर’. म्हणजे एक्स-रे मागवला नर्सने, काढला टेक्निशियनने, आणि वाचलाही टेक्निशियननेच!

लगेच दादाला फोन लावला. दादा सत्तावीस वर्षं महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून डिजिटलपर्यंत सगळं पाहिलेला, छातीला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावून आयुष्य काढलेला माणूस. मला वाटलं, तो माझ्याइतकाच भडकेल. मी म्हटलं, ‘दादा, इकडे डॉक्टर बघतसुद्धा नाहीत. आपल्याकडे अर्ध्या तासात प्लेट हातात आणि ऑर्थोपेडिक समोर.’

तो म्हणाला, ‘कुठलं हाड?’

‘स्कॅफॉइड.’

‘आणि त्या पोराला पहिल्या दिवशी दिसलं?’

‘पोरगी होती. शंका आली तिला. पाचवा व्ह्यू घेतला.’

‘हुशार आहे गं,’ म्हणाला. मग मला त्या हाडाबद्दल अर्धा तास सांगत बसला. मनगटात आठ छोटी हाडं, त्यात हे होडीसारखं. रक्त त्याला बोटांकडच्या टोकातून येतं, म्हणून मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि मरू शकतो. पहिल्या एक्स-रेत चीर कित्येकदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढतात. हे सगळं त्याला ठाऊक होतं. आपल्या भावाला इतकं ठाऊक आहे हे मला मात्र ठाऊक नव्हतं. घरी तो कधी बोलला नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ‘मुलगा काय करतो’ याचं उत्तर आई ‘हॉस्पिटलमध्ये असतो’ एवढंच द्यायची.

मग मी वाचायला बसले. डावा हात मोकळाच होता. १९८५ मध्ये नॉर्थविक पार्क या लंडनच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती छापली होती. अपघात विभागात रात्री-अपरात्री नवखे डॉक्टर फिल्म वाचायचे आणि फ्रॅक्चर निसटायची. फिल्म काढणाऱ्या रेडिओग्राफरला मात्र ती दिसलेली असायची, कारण रोज शेकड्याने पाहून त्याची नजर बसलेली. मग ठरलं की त्याला काही वावगं दिसलं तर फिल्मवर एक लाल ठिपका चिकटवायचा. लिहायचं काही नाही, बोलायचं काही नाही. नुसता ठिपका. युक्ती देशभर पसरली. नव्वदच्या दशकात त्या ठिपक्याचा अभ्यासक्रम झाला: तीन वर्षांची पदवी, नोंदणी, मग अनुभव, मग पदव्युत्तर शिक्षण, रेडिओलॉजिस्टच्या नजरेखाली लिहिलेले शेकडो रिपोर्ट, आणि मग ठरवून दिलेल्या भागापुरतीच स्वतःची सही. कुणाला फक्त हातपाय, कुणाला छातीही. शिवाय त्या रिपोर्टांची नियमित तपासणी. पगाराच्या पायऱ्यांना इथे बँड म्हणतात. नवा रेडिओग्राफर पाचव्या बँडवर लागतो, रिपोर्ट लिहिणारा बहुधा सातव्यावर असतो.

हे दादाला सांगितलं तर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आम्ही तेच करायचो की. ठिपका नव्हता एवढंच. संशय आला की ती फिल्म गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची. सरांना माहीत होतं, वर आहे म्हणजे नीट बघायची. पण तसं कुणी कधी बोललं नाही. मीही नाही, सरही नाहीत.’

सत्तावीस वर्षं. त्याचा हुद्दा आजही तोच आहे.

इथे मला इंग्लंडचं कौतुक करायचा मोह झाला आणि थोडं केलंही. तर दादाने एकाच वाक्यात हवा काढली: ‘डॉक्टर कमी पडले म्हणून दिलं असेल. प्रेमाने नाही दिलं.’ खरं आहे. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने २०२३ च्या गणनेत स्वतःच लिहिलंय की रेडिओलॉजिस्ट गरजेपेक्षा ३० टक्के कमी आहेत. रात्री दोनला काढलेला सीटी स्कॅन कितीतरी ठिकाणी ऑस्ट्रेलियात बसलेला रेडिओलॉजिस्ट वाचतो, कारण तिकडे तेव्हा उजाडलेलं असतं. ए अँड ईत चार तासांत ९५ टक्के रुग्णांचा निकाल लावायचं उद्दिष्ट २०१५ नंतर देशभरात एकदाही गाठलेलं नाही. माझ्या हाडाबद्दल तर नाइस या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका म्हणते की स्कॅफॉइडचा संशय असेल तर पहिल्यांदाच एमआरआयचा विचार करा. मी रुग्णालयाला फोनवर विचारलं. पलीकडून एक सुस्कारा आला, तेच उत्तर. आणि हे फुकट आहे असं म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी: व्हिसावर असताना आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, २०२४ पासून वर्षाला १०३५ पौंड. आम्ही भरला तेव्हा कमी होता, पण भरला होता.

तरीही मी इथल्याच बाजूने भांडत राहिले, हे कबूल करते. अकरा वर्षं जिथे काढली ती जागा वाईट आहे असं भावाच्या तोंडून ऐकवत नाही. तसंच आपल्याकडचं वाईट आहे असं इथल्या शेजारणीच्या तोंडूनही ऐकवत नाही. ती विचारत होती, तुमच्याकडे सोनोग्राफर का नसतात, डॉक्टरच कशाला बसतो मशीनवर? इथे विसाव्या आठवड्याचा स्कॅन डॉक्टर नसलेली सोनोग्राफर करते, आणि विचारलं तर मुलगा की मुलगी तेही बऱ्याचदा सांगते. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मी दचकून दाराकडे पाहिलं होतं, कुणी ऐकलं तर नाही ना! प्रत्येक सोनोग्राफी केंद्रातली ती पाटी वाचत वाढलेलो आपण. शेजारणीला मी सांगितलं की असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ चा. मशीनची नोंदणी, बसणाऱ्या डॉक्टरची नोंदणी, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म. का, ते मात्र तिला पटकन सांगून टाकलं आणि विषय बदलला. आपल्या घरातली ती गोष्ट परक्यापुढे फार वेळ उघडी ठेवता येत नाही.

पण दादाशी बोलताना पळवाट नव्हती. मी म्हटलं, सोनोग्राफीचं समजू शकते, पण मनगटाच्या एक्स-रेत कुणाचं लिंग दिसतं? तिथे तुझी सही का नको? तो म्हणाला, ‘तंत्रज्ञांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आला बघ. त्याच्या आधी आम्ही नेमके कोण, हेच देशपातळीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. सहीचं कुठं घेऊन बसलीस.’ चिडून नव्हे. मशीनची क्षमता सांगावी तसं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. काढलं तेव्हा हात शेवग्याच्या शेंगेसारखा दिसत होता. त्या दिवशी पुन्हा एक्स-रे झाला, पुन्हा नाव-जन्मतारीख-पत्ता, पुन्हा गरोदरपणाचा प्रश्न. या वेळी नुसतं ‘नाही’ म्हटलं. हाड जुळलंय.

रिपोर्ट अ‍ॅपमध्ये आल्यावर स्क्रीनशॉट काढून दादाला पाठवला. दोन मिनिटांत निळ्या खुणा आल्या. मला वाटलं ‘छान’ वगैरे लिहील, किंवा अंगठा दाखवील. त्याने लिहिलं, ‘चांगलं भरलंय. पण खालची ओळ कापली गेलीय, सही कुणाची ते दिसत नाही. ते पाठव.’

पुन्हा काढून पाठवला, पूर्ण.