बेस केलं

रविवार, रात्रीचे साडेदहा.

झोप येत नाही. लिहिण्यासारखं खरं तर काही घडलेलंच नाही. सकाळी माय अंगणात आली, दमणीभोवती, म्हणजे आमच्या जुन्या छोट्या बैलगाडीभोवती, एक चक्कर मारली, समोरच्या उजव्या खुंटावर हात ठेवला. बोटं जराशी वरखाली केली. मग म्हणाली, "अथी खाच होती ना रे?"

"बुजवली ना," मी म्हटलं. तोऱ्यातच म्हटलं.

"बेस केलं," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

झालं. बारा तास उलटले आणि ते 'बेस केलं' काही डोक्यातून जात नाही. दुपारी वेचणीचा हिशेब करायला बसलो तर दोनदा चुकलो. एका बाईला दहा किलोचे पैसे जास्त दिले. तीही मनात बेस केलं म्हणाली असेल.

मायच्या तोंडून हे ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी अमरावतीची नोकरी सोडून परत आलो तेव्हा, बेस केलं. दादानं वाटणी मागितली तेव्हा, बेस केलं. बैल विकून आलो आणि रिकामे कासरे खुंटीला टांगले, तेव्हाही हेच म्हणाली आणि ताट वाढलं. त्या संध्याकाळबद्दल आज लिहिणार नाही. पण भाचा पास झाल्याचा ताईचा फोन आला तेव्हाही ती बेस केलंच म्हणते. मग माणसानं अर्थ लावायचा तरी कसा?

आणि मला लावायचाच का आहे? सात महिने झाले. आखाजीला गोठ्यातून दमणी बाहेर ओढली, तेव्हापासून या घरात एकानंही 'चांगली झाली' असं सरळ म्हटलेलं नाही. बायको म्हणते खर्च. दादा फोनवर म्हणतो, विकायची असेल तर लग्नवाल्यांना विक, नवरीच्या एंट्रीला चांगली दिसते. पारावरची मंडळी म्हणतात, बैल नाही अन् गाडी सजवून रायला. मी आपला रोज संध्याकाळी शेतातून आलो की दोन तास घासतोय. कोणासाठी? मायसाठीच ना. तिला बहिरमच्या यात्रेला न्यायचं म्हणून ना. आणि ती दोन शब्द टाकून भाकरी थापायला जाते.

बरं, दमणी तरी काय अवस्थेत होती! साट्यावर, म्हणजे गाडीच्या तळावर, वीस वर्षांचं कुटार, धान्याचा भुसा, त्यात कोंबड्यांचा संसार. डावं चाक उदईनं, वाळवीनं, पार खाल्लेलं. वरून हिरवा ऑइलपेंट, त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली कुठल्या तरी पोळ्याचा गेरू.

सुरुवातीला मी रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहायचो. तिकडे मोटारीमागे ओढायची फिरती घरं असतात, ट्रेलर. आत पलंग, ओटा, सगळं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ट्रेलर कुणाच्या तरी परसात सडत पडलेले असतात. हौशी लोक ते आणतात आणि घरच्या घरी दुरुस्त करतात. त्यात एअरस्ट्रीम नावाचा एक चंदेरी प्रकार आहे, रेशमाच्या कोशासारखा. ॲल्युमिनियमचा पत्रा, ओळीनं रिव्हेट मारलेले. १९३० च्या दशकापासून बनतोय. घासून घासून त्याचा आरसा करतात लोक. पण आतली जमीन उचलली की खालचं प्लायवूड चिखलासारखं हातात येतं, कारण खिडक्या-दारांच्या सांध्यातून पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. म्हणून जाणकार माणूस आधी रंगाला हात लावत नाही, पाणी कुठून शिरतं ते शोधतो. हे मला भलतंच पटलं. मीही साट्याखाली शिरून जागोजागी पटाशी टोचून पाहिली. एका ठिकाणी ती मुठीपर्यंत आत गेली. त्या दिवसापासून मला दमणीत फक्त खोडच दिसायला लागली.

पोरगं तेव्हापासून दमणीला 'आपला कॅरव्हॅन' म्हणतं. तसं चूक नाही. बहिरमच्या यात्रेला आम्ही हिच्यातच राहायचो. यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत चालते, त्यामुळे चार-पाच दिवस ठिय्या देऊन राहणारे कमी नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी गाड्यांची नुसती दाटी. वर तट्ट्याची कमान, आत कुटारावर सतरंजी, त्यावर आम्ही पोरं आडवी-तिडवी, चाकाला बांधलेले बैल रात्रभर रवंथ करत. खाली गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे आणि बाजूच्या चुलीवर मटणाची हंडी. थंडी अशी की सकाळी तट्ट्यावरून दव टपकायचं. मायचं माहेर दर्यापूरकडचं. लग्नानंतर ती शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेनं अचलपूरला उतरायची आणि स्टेशनाबाहेर हीच दमणी उभी असायची. त्या रेल्वेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. डोळ्यात कोळशाचा कण जायचा, आणि दमणीत बसल्यावर पदराच्या टोकानं तो काढायचा, हे ती अजून सांगते. कोण काढायचं ते सांगत नाही.

चाकाचं लिहायचं राहिलं. ते मात्र मी मनापासून केलं. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, बाभळीचाच ठेवला, जुना होता पण खणखणीत. बारा आरे आणि घेराचे सहा पुठ्ठे खातीबुवांनी, आमच्या सुतारांनी, नवे केले. लाकडासाठी परतवाड्याला तीन चकरा. तिथल्या लाकूडबाजारात साग हवा तेवढा, पण वाळलेली बाभूळ मागितली की दुकानदार आपल्याकडे दयेनं पाहतात. मग लोहाराला बोलावलं. गोल चरात गोवऱ्या रचल्या, त्यात धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, ठेवली, वर पुन्हा गोवऱ्या. धाव चाकाच्या घेरापेक्षा बोटभर कमी ठेवतात. पाच फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फूट. लोखंड पाच-सहाशे अंशांनी तापलं की तेवढी धाव इंच-सव्वा इंच वाढते. सगळा खेळ त्या इंचाचा. लालसर झाल्यावर तिघांनी तीन बाजूंनी सांडशीनं उचलली, चाकावर टाकली, घणाचे चार ठोके, आणि लाकडानं पेट घेतला. "पानी!" असं लोहार ओरडला. बायको आणि मी बादल्या ओतत सुटलो. वाफेत काही दिसेना. आणि मग चाक बोलायला लागलं. कट, कट, कट. धाव आवळत जाते तसे आरे तुंब्यात शिरतात, एकेक सांधा मिटतो, त्याचा तो आवाज. वाफ निवळली तेव्हा माय दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तेव्हा ती काहीही म्हणाली नव्हती आणि मला ते लागलंही नव्हतं.

मग आजच का लागलं?

खाच म्हणजे किती, अंगठा टेकेल एवढी. दोन होत्या, एकाखाली एक. कासऱ्याचे दोन वेढे खुंटाला द्यायचे आणि मागे टेकून डोळे मिटायचे, ही बाबांची सवय. बैलांना रस्ता पाठ होता. अंबाडीचा कासरा तीस वर्षं घासला तर सागसुद्धा झिजतो. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही, कारण त्या खाचेत बोट घालून मी स्वतः कितीदा झोपलोय.

आणि खातीबुवांनी विचारलं होतं. हेच सगळ्यात जास्त टोचतंय. "हे बुजवू का राहू देऊ?" मी मोबाइलमध्ये. "बुजवा ना, खराब दिसते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, असं आता वाटतंय. तेव्हा पाहिलंही नसेल. भुसा आणि फेविकॉल कालवला, दाबून भरला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग १२०, मग २२०. वरून जवसाच्या तेलाचे तीन हात. (तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या होत्या, तासाभरात गोळा तव्यासारखा गरम. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि ढीग असेल तर आपोआप पेट घेऊ शकतं. गोठा थोडक्यात वाचला. तेव्हापासून चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवतो.) इतकं बेमालूम झालं की दादाला व्हिडिओ कॉलवर मुद्दाम दाखवलं. बघ, कळते का कुठं होती?

मायला दिसतही नाही आता नीट. तिनं बोटानं पाहिलं.

म्हणजे ती शोधत होती. की सहजच हात गेला? हाकणाऱ्याच्या मागे बसलेली बाई धक्का बसला की हात कुठे घालणार, त्याच खुंटाला. तीस वर्षांची सवय असेल. सवयीनं हात जातो, त्यात काय एवढं. पण मग थांबली का? आणि थांबली तर रागवायचं तरी. "काऊन बुजवली रे?" एवढं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, चार खर्च ऐकवले असते, मोकळा झालो असतो.

संध्याकाळी खातीबुवांकडे गेलो, म्हटलं लहान पटाशी द्या.

"कायले पायजे?"

सांगितलं. ते बिडी ओढत राहिले. मग म्हणाले, "कोरतं कायले बाप्पा? कासरा गुंडाळ अन् हाकल तीस वर्सं. पडते खाच."

मी शेचाळीसचा. म्हणजे शहात्तराव्या वर्षी काम फत्ते. मधल्या काळात एक बैलजोडी घ्यायची आहे फक्त, आणि तिला रस्ता पाठ करून द्यायचा आहे. येताना एकटाच हसत आलो. पारावर दोघांनी वळून पाहिलं. त्यांच्यासाठी आणखी एक पुरावा.

हसल्यावर जरा बरं वाटलं हे खरं. शेवटी हे सगळं उसनंच चाललंय. शनिवारी निघायचं तर बैलसुद्धा शेजारच्या काकांचे. त्यांच्याकडे पटाची, म्हणजे शर्यतीची, एक जोडी आहे आणि वखराची एक. २०१४ मध्ये शंकरपटावर बंदी आली तेव्हा त्यांनी पटाची जोडी विकली. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं मोकळीक दिली तेव्हा दोन महिन्यांत दुसरी आणली. त्या जोडीला मी हात लावायचा नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. वखराची जोडी चालेल. अठ्ठावीस किलोमीटर आहे, पहाटे चारला निघालो तर ऊन चढेपर्यंत पोचू. डांबरी रस्त्यावर धावेचा आवाज फार होतो, कडेकडेनं मातीतून न्यावी लागेल. शुक्रवारीच निघणार होतो, पण गुरुवारी घरात मार्गशीर्षाचे उपास, दुसऱ्या दिवशी लगेच हंडी कशी, असं बायकोचं म्हणणं पडलं. माय बेस म्हणाली. तेव्हा मी काही अर्थ लावला नव्हता.

मघाशी, नऊच्या सुमारास, पटाशी घेऊन अंगणात गेलोच. काय करणार होतो ते मलाही नक्की माहीत नव्हतं. टॉर्च दातात धरला आणि खुंटावर अंदाजानं टोक टेकवलं. अंदाजानंच, कारण जागा खरंच सापडेना. एवढं चांगलं काम केलंय मी.

आतून आवाज आला, "कोन हाय रे?"

"मीच हावो."

"कोंबडी बसली का दमनीत?"

"नाही."

"मंग?"

यावर काय बोलणार? टॉर्च दातात असल्यामुळे बोलता येत नाही असं दाखवलं, म्हणजे तिला ते दिसतच नव्हतं.

जरा वेळानं पुन्हा आवाज आला. "थो फोम काढून टाक सकाडी. कुटार टाक गव्हाचं. फोमवर मले झोप नाई येत."

फोम साडेतीन हजारांचा आहे. अमरावतीहून मापात कापून आणला, वर मरून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. तिच्या कंबरेसाठी म्हणून आणला होता. मी म्हटलं, "काढतो."

बेस, असं काही ती म्हणाली नाही. वाट पाहिली थोडी.

कुटाराची दोन पोती शेजारच्या काकूंकडे मिळतील. सतरंजी पोटमाळ्यावर असावी. पटाशी परत द्यायची आहे. टोक टेकवलं तिथं खुंटावर एक बारीक रेघ उमटली आहे, टॉर्चच्या उजेडात नीट दिसली नाही. सकाळी पाहतो किती आहे ती.