घटस्थापनेआधी गाडी रिकामी केली

दर वर्षी पाऊस ओसरला की आमच्याकडे दोन घरं आवरायला निघतात. एक इंदिरानगरचा फ्लॅट आणि दुसरी खाली पार्किंगला उभी असलेली ट्रॅव्हलर. जुनी स्कूल व्हॅन होती ती, सीटा काढून आत बेड, छोटा ओटा, सिंक, साठ लिटरची पाण्याची टाकी, वर सोलर असं हळूहळू करत चार वर्षांत तिचा कॅम्पर केलाय आणि माझा तिच्यावर फार जीव आहे.

यंदा दार उघडलं आणि कुबट वास आला. अगदी ओल्या गोधडीचा. जून ते सप्टेंबर गाडी बहुतेक उभीच होती, फक्त दोनदा त्र्यंबक आणि एकदा इगतपुरी, आणि तिकडचा पाऊस कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको, ओले रेनकोट, चिखलाच्या चपला, भिजलेली सतरंजी सगळं तसंच आत कोंबून परत आलो होतो. मी स्प्रे शोधत होते तर आई म्हणाली, "अगं वास झाकू नकोस, आधी सगळं बाहेर काढ." घटस्थापनेच्या आधी घरात ती हेच करते, डबे, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं बाहेर, मग झाडू. म्हणून गाडीचंही तसंच केलं, चमच्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं गच्चीवर नेलं आणि गाडी पार रिकामी केली.

गादी उचलली आणि खालचं प्लायवूड बघून मी तिथेच थांबले. काळ्या ठिपक्यांचे दोन लांबट पट्टे, एक माझ्या बाजूला, एक नवऱ्याच्या. खांदे आणि कंबर जिथे येते तिथे दाट, पायाकडे विरळ. गळतीचं पाणी असं माणसाच्या आकारात कसं येईल? मग डोक्यात प्रकाश पडला, हे आमचंच बाष्प. रात्रभर अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली जातो, खालचं प्लाय थंड असतं, तिथे त्याचं पाणी होतं आणि हवा खेळायला जागाच नाही. वर बंद गाडीत दोन माणसांचा श्वास, पावसाळ्यात काचा बंद, त्यात सकाळी चहासाठी गॅस पेटवला की त्याचीही वाफ.

बुरशी कोरड्या फडक्याने अजिबात झटकू नका, तिची भुकटी सगळ्या गाडीभर उडते. मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली, मग पांढरं व्हिनेगर लावून तासभर ठेवलं, ब्रशने घासलं, पुन्हा पुसलं. ब्लीच मुद्दाम नाही वापरलं कारण लाकडात ते खोल मुरत नाही, डाग वरून गेल्यासारखा दिसतो आणि आतली बुरशी परत डोकं काढते. मग प्लाय दोन दिवस कडक उन्हात. धाकट्या दिराने त्याला ड्रिलने रुपयाएवढी भोकं पाडून दिली, आता वर काथ्याची जाड जाळी टाकून मग गादी ठेवणार, म्हणजे खालून वारा लागेल.

पण वास तेवढ्यानेही पूर्ण गेला नाही. ओट्याच्या वरच्या कोपऱ्यात छताचं अस्तर बोटाने दाबलं तर मऊ लागलं. म्हणजे पाणी छतावरच्या पंख्याच्या कडेने येत होतं. ज्यांनी तो पंखा बसवला त्यांनी गळती लागल्यावर जुन्या सिलिकॉनवरच नवीन सिलिकॉन फासून दिलं होतं, आणि वाळलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन नीट धरतच नाही, दोघांच्या मधून पाणी वाट काढतं. पैसे दोनदा घेतले आणि काम एकदाही नीट केलं नाही याचा मला अजून राग आहे. या वेळी आम्ही स्वतः चढलो. जुनं सगळं स्क्रेपरने खरवडून काढलं, त्यालाच अर्धा दिवस गेला, मग स्पिरिटने पुसून पूर्ण दिवस वाळू दिलं, फ्रेमच्या खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून कडेने पॉलियुरेथेन सीलंट. ते नीट वाळल्यावर बागेच्या पाइपने अर्धा तास पाणी मारलं, आधी खालच्या कडेला आणि मग हळूहळू वर, म्हणजे गळलंच तर कुठून ते कळतं. नवरा आत टॉर्च घेऊन बसला होता. कोरडं. एक थेंब नाही!

पाण्याच्या टाकीचं मात्र नीट वाचा. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं, आणि हेच पाणी आपण पितो. टाकी रिकामी करून घासली, परत भरली आणि साठ लिटरला साठ मिली ब्लीच घातलं. सुगंध न घातलेलं, पाच टक्केवालं, त्याचा हिशोब लिटरला एक मिली असा सोपा पडतो. मग पंप चालू करून नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, म्हणजे नळीतही ते पोचलं. रात्रभर ठेवून सकाळी तीन वेळा धुतलं, वास जाईपर्यंत. आणि ब्लीचच्या दिवशी व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड गाडीत हातातसुद्धा घेऊ नका, एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, आणि गाडीएवढ्या जागेत तो जीवावर बेतू शकतो. मी म्हणूनच दोन्ही कामं वेगळ्या दिवशी केली.

बाकीची कामं पटापट झाली. सोलर सकाळी सातला धुतला, पॅनल तापायच्या आत. दाराच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे, ग्रीस नाही, ग्रीसने रबर फुगून खराब होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी भुकटी सोड्याच्या कोमट पाण्याने काढून वर व्हॅसलिन.

शेवटी गॅसचं कपाट उरलं होतं, आणि खरं तर ते सगळ्यात आधी बघायला हवं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवलंय. त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं! छान लिंपलेलं, गोल, भोक ठार बंद. गॅस गळला असता तर तो बाहेर पडलाच नसता, आणि आम्ही त्याच्या वर झोपतो. स्क्रू-ड्रायव्हरने माती काढली, बाहेरून बारीक जाळी लावली, जुनी नळी बदलली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. माझे हात थरथरत होते.

खंडेनवमीला पाना, ड्रिल आणि तो स्क्रेपर पूजेत ठेवणार आहे, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. आई आताच विचारतेय सप्तशृंगीला कधी निघायचं. गच्चीवर पडदे अजून वाळतायत, आज ढग आलेत, तेवढे खाली घेऊन येते.