पावली घेणारा ज्यूकबॉक्स

गिरगावातल्या आमच्या खोलीत, खिडकीच्या शेजारी, आता चार फूट उंचीचे एक लाकडी कपाट उभे आहे. त्याच्या माथ्यावर कमान आहे, कमानीत दुधी ॲक्रिलिकच्या मागे पिवळसर उजेड आहे, खाली वीस बटणे आहेत आणि उजव्या हाताला नाणे टाकायची खाच आहे. आत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे. हा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकून हवे ते गाणे वाजवायचे यंत्र, मी घरीच बांधला. त्याला सात महिने लागले आणि त्यातले बहुतेक रविवार खर्ची पडले.

तरुणपणी बाबा धोबी तलावाजवळच्या एका इराण्याकडे मित्रांबरोबर जात. तिथे ज्यूकबॉक्स होता. त्यात पावली, म्हणजे २५ पैशांचे नाणे, टाकायची, बटणे दाबायची आणि आपले गाणे येईपर्यंत एक चहा पुरवून पुरवून प्यायचा, हे त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आज त्यांच्या फोनवर हवे ते गाणे क्षणात मिळते, पण एकही गाणे शेवटपर्यंत वाजत नाही. मुखडा संपतो न संपतो तोच कोणीतरी पुढचे लावते. त्यामुळे या यंत्राचा आराखडा काढतानाच मी दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. यात पडदा नसेल, आणि यात फक्त शंभर गाणी असतील.

शंभर हा आकडा मनाचा नाही. वुर्लिट्झर कंपनीच्या १९४६ सालच्या १०१५ या मॉडेलमध्ये, म्हणजे ज्यूकबॉक्स म्हटले की डोळ्यांपुढे येते त्या बुडबुड्यांच्या नळ्यांच्या यंत्रात, अवघी २४ गाणी निवडता येत. पुढे सीबर्ग कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस शंभर गाण्यांचे यंत्र आणले. संगणकात लाखभर गाणी मावतात म्हणून ती भरावीतच असे नाही. शंभरच गाणी ठेवायची म्हटल्यावर कोणते गाणे ठेवायचे आणि कोणते वगळायचे यावर आमच्या घरात तीन आठवडे खल झाला, आणि आईने तिच्या दोन भावगीतांसाठी केलेला आग्रह शेवटी सर्वांनी मान्य केला.

जुन्या यंत्रांवर एक अक्षर आणि एक आकडा दाबून गाणे निवडत. मी अक्षरे देवनागरी घेतली: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ. ही दहा अक्षरे आणि शून्य ते नऊ हे दहा आकडे मिळून बरोबर शंभर जोड्या होतात. गाण्यांच्या पट्ट्या बाबांनी स्वतः बोरूने लिहिल्या. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत; पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदावर दोन ओळींत गाणे आणि गायक बसवताना त्यांनी प्रत्येक शिरोरेषा एका दमात ओढली, आणि जिथे हात किंचित थरथरला ती पट्टी फाडून दुसरी घेतली. छापील पट्ट्या एका संध्याकाळी झाल्या असत्या. तरीही या शंभर पट्ट्या हाच माझ्या मते संपूर्ण यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

लाकूडकामात मी नवखी होते. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा, स्वस्त पडतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो दमट हवेने फुगतो, म्हणून ओल सोसणारा १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. आमच्या चाळीच्या जिन्याचे वळण इतके अरुंद आहे की अखंड कपाट वर येणे शक्यच नव्हते. म्हणून त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले आणि ते आतून बोल्टने जोडले. कमानीसाठी १२ मिलिमीटर प्लायला पाठीमागून थोड्या थोड्या अंतरावर चिरा पाडल्या, पुढचा जेमतेम दोन मिलिमीटरचा थर शाबूत ठेवला आणि तो साच्यावर वाकवला. पहिला तुकडा काडकन मोडला. त्याच्या पुढच्या थराचे रेषे चिरांना समांतर होते, त्यामुळे तो रेषेवरच फाटला. तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी मोडलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि दुसऱ्या तुकड्यावर पेन्सिलीने रेषांची दिशा बाणाने दाखवून दिली. रेषे चिरांना आडवे घेतल्यावर कमान नीट बसली. रंगकामाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

बटणे, तारा आणि बाकीचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणले. वीस बटणांना वीस वेगळ्या तारा नेण्याऐवजी चार ओळी आणि पाच स्तंभ अशी जाळी केली की नऊ तारांत काम भागते. ही जाळी आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डला जोडली आहे. हा बोर्ड संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचे सांगू शकतो, त्यामुळे ‘ग’ आणि मग ‘चार’ दाबले की रास्पबेरी पायला दोन कळा दाबल्यासारखेच वाटते. पुढचे काम पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम करतो: तो जोडीवरून गाणे शोधतो आणि एमपीडी या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत टाकतो. एमपीडीत वाजून झालेले गाणे रांगेतून आपोआप काढून टाकण्याची सोय आहे, आणि ज्यूकबॉक्सला नेमके तेच हवे असते. चालू गाणे मध्येच तोडण्याची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही. ज्याने निवडले त्याचे गाणे पुरते वाजते, आणि इतरांनी ते ऐकायचे असते.

शंभरांपैकी ३८ गाणी बाबांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतली आहेत आणि उरलेली सीडींवरून. साहजिकच काही हळू वाजत आणि काही कानठळ्या बसवत. प्रत्येक गाण्याची पातळी मोजून रिप्लेगेनची, म्हणजे ते वाजवताना आवाज किती वाढवायचा किंवा कमी करायचा याची, नोंद केल्यावर सगळ्यांचा आवाज सारखा झाला. वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते, म्हणून कार्डावर काहीही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

सर्वांत जास्त छळले ते आवाजातल्या किणकिणीने. पैसे आणि जागा वाचवण्यासाठी मी २४ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर ॲम्प्लिफायर चालवला आणि त्यातूनच पाच व्होल्ट करून संगणकालाही दिले. परिणाम असा झाला की दोन गाण्यांमधल्या शांततेत स्पीकरमधून एक बारीक किणकिण ऐकू येई, आणि संगणक कामाला लागला की तिची पट्टी बदले. मी तारा बदलल्या, त्या पिळून घेतल्या, संगणकाचा आवाज बाहेर काढणारे साउंड कार्डही दुसरे लावून पाहिले. अखेर साउंड कार्ड आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये आवाजाचे दोन छोटे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवले; ते थेट तारेच्या जोडणीशिवाय आवाज पुढे नेतात. दोन्हींमधली ग्राउंडची, म्हणजे समाईक परतीच्या तारेची, जोडणी तुटताच किणकिण थांबली. त्या रात्री मी आणि बाबा काहीही न लावता, नुसती शांतता ऐकत बसलो होतो.

नाणे घेणारे यंत्र तयार मिळते. ते नाण्याचा व्यास, जाडी आणि धातू यांवरून ते ओळखते आणि मान्य झाले की एक विद्युत स्पंद पाठवते. तो मिळाल्याशिवाय माझा प्रोग्राम बटणांकडे लक्ष देत नाही. रुपयाचे नाणे सहज चालले असते, पण बाबांना पावलीच हवी होती. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११पासून चलनातून बाद झाले आहे. सुदैवाने बाबांनी बिस्किटांच्या एका डब्यात ती जपून ठेवली होती. त्यांतली बहुतेक गेंड्याचे चित्र असलेली, स्टेनलेस स्टीलची होती. तसली वीस नाणी एकेक करून टाकली आणि यंत्र ती ओळखू लागले. त्याआधीची नाणी तांबे-निकेलची असल्याने, आकार जवळजवळ तोच असूनही, यंत्र ती परत देत होते. ती वेगळी शिकवावी लागली, आणि डब्यात सहाच असल्यामुळे तीच आलटून पालटून टाकली.

आता तीही चालतात. त्यांतले एकच, कडा पार झिजून गुळगुळीत झालेले, अजून खालच्या वाटीत खणकन परत येते. संध्याकाळी चहा झाला की बाबा डबा उघडतात आणि आधी तेच टाकून पाहतात.