‘मग मी राहत नाही’

आमच्याकडे दिवाणी न्यायालयात साक्ष मराठीत नोंदवली जाते. दाव्याची किंमत मोठी असेल तर अपील थेट औरंगाबाद खंडपीठात जातं आणि तिथे तीच साक्ष इंग्रजीत लागते. मी जळगावात बसून हे भाषांतर करते. खरेदीखतं, सातबारे, पंचनामे यांची वाक्यं ठरलेली असतात, हात आपोआप चालतो. खरं काम उलटतपासात आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं की उलटतपासात बहुतेक वेळा प्रश्न लिहिलेच जात नाहीत. वकील विचारतो, साक्षीदार हो किंवा नाही म्हणतो, न्यायाधीश ते सलग वाक्य करून सांगतात आणि लघुलेखक टंकतो: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी स्वखुशीने सही केली.’ कागदावर सगळं साक्षीदाराच्या तोंडी येतं, पण शब्द बरेचदा समोरच्या वकिलाचे असतात. साक्षीदार अहिराणी बोलणारा असला तर आणखी एक पायरी वाढते. तो अहिराणीत सांगतो, नोंद प्रमाण मराठीत होते आणि मी ती इंग्रजीत नेते. खंडपीठातल्या न्यायमूर्तींसमोर तिसरा हात फिरलेलं वाक्य असतं. साक्षीदाराचा मूळ शब्द अवतरणात ठेवायला एक ओळ जास्त लागली असती, पण सुनावणीच्या घाईत ती ओळ कुणी खर्च करत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

हे प्रकरण हक्कसोडपत्राचं. भडगाव तालुका, गिरणाकाठची बागायत, वडील वारलेले, दोन भाऊ आणि एक बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि त्याच मुक्कामात दुय्यम निबंधकाकडे नेऊन तिची सही घेतली गेली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. कागद करायला याच दिवसांचा मुहूर्त धरणारी घरं मी या टेबलावर पुष्कळ पाहिली आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तरी गावात हिस्सा मागणाऱ्या बहिणीला ‘माहेर तोडलं’ हेच ऐकावं लागतं. भावाने काय तोडलं, हे कुणी विचारत नाही.

हक्कसोडपत्रात नेहमीचा मजकूर होताच: ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतेही नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता.’ दाव्यात बहिणीचं म्हणणं होतं की सही जबरदस्तीने घेतली. खालच्या कोर्टात ती हरली. अपिलासाठी तिच्या वकिलांनी कागद माझ्याकडे दिले आणि जाताजाता म्हणाले, “ताई, सगळीकडे ‘कोअर्स्ड’ टाका. एकच शब्द ठेवा, म्हणजे वजन पडतं.”

असं मला बरेच वकील सांगतात. मी करत नाही. करू नये याचं कारण कायद्यातच आहे.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १५ ‘कोअर्शन’ची व्याख्या देतं. दंडसंहितेने मनाई केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, नाहीतर एखाद्याची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं, आणि हेतू हा की समोरच्याने करार करावा. म्हणजे ‘कोअर्स्ड’ लिहिलं की धमकी कोणती आणि दिली कुणी, हे दाखवणं आलं. ‘फोर्स्ड’मध्ये अंगाला हात लागल्याचा वास येतो, मनगट धरून अंगठा उमटवावा तसा. ‘कम्पेल्ड’ला माणूस लागतोच असं नाही. कर्ज, दुष्काळ, आजारपणही माणसाला ‘कम्पेल’ करतं आणि त्यात गुन्हेगार कुणी नसतो. ‘ऑब्लाइज्ड’मध्ये उपकाराची, नात्याची गाठ आहे. लॅटिनमध्ये त्याचं मूळच ‘बांधणं’. ‘प्रिव्हेल्ड अपॉन’ म्हणजे बोलून बोलून, विनवून विनवून गळी उतरवलं. सरतपासाच्या, म्हणजे तिच्या बाजूने आधी दिलेल्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात वकिलांच्या भाषेत ‘जबरदस्ती’ होती, तिथे मी जबरदस्तीचाच शब्द दिला. उलटतपासात मात्र तिची स्वतःची क्रियापदं डोकावत होती आणि ती एकसारखी नव्हती. एका जागी ‘भावांनी गळ घातली’, पुढे ‘मला भीड पडली’, त्यापुढे ‘मी नमले’. या तिन्हींवर ‘कोअर्स्ड’चा शिक्का मारणं म्हणजे त्या बाईच्या तोंडात आमचे शब्द कोंबणं.

‘मी नमले’वर मी बराच वेळ घालवला. ‘सबमिटेड’ चालणार नव्हतं, कारण कोर्टाच्या कागदात तो वकिलाच्या युक्तिवादाचा शब्द आहे, वाचणारा फसतो. ‘सक्कम्ब्ड’मध्ये झुंज देऊन हरल्याची छटा येते, तिने झुंज दिल्याचं नोंदीत कुठेच नाही. ‘वॉज सबड्यूड’ केलं तर कर्तेपण भावांकडे जातं. ते तिच्या बाजूने चांगलं दिसलं असतं, पण तिच्या वाक्यात कर्ता तीच होती. शेवटी ‘यील्डेड’ ठेवलं. ‘भीड पडली’ला एका शब्दात काही सापडलं नाही, म्हणून ‘थोरल्या भावाच्या आदरापोटी नाही म्हणू शकले नाही’ अशा अर्थाचं सबंध वाक्य दिलं.

वकिलांना ते पाहून वाटलं की मी खटला पातळ करते आहे. मला उलट वाटत होतं. वडील गेल्यावर थोरल्याने तिचं कन्यादान केलं होतं, बाळंतपणं त्याच्या घरी झाली होती, हे सगळं नोंदीत आहे. करार कायद्याचं कलम १६ अशाच नात्याबद्दल बोलतं: एकाच्या इच्छेवर दुसऱ्याचा ताबा चालेल अशी स्थिती, आणि त्या स्थितीचा वापर करून घेतलेला गैरवाजवी फायदा. ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’. ‘भीड’ या शब्दाची कायद्यातली जागा तिथे आहे. अडचण ही की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ नियम ४ प्रमाणे असा प्रभाव दाव्यात तपशिलासह मांडावा लागतो. इथे मूळ दावा लिहिणाऱ्याने ‘धाकदपटशा व जबरदस्तीने’ एवढं ठोकळ वाक्य टाकून हात झटकले होते. बाईची खरी कहाणी साक्षीत आली, दाव्यात आलीच नाही. अशा आळसाची किंमत पक्षकार मोजतो.

हे सगळं निस्तरलं असतं. पण उलटतपासाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: ‘थोरला भाऊ म्हणाला, तू सही केली नाहीस तर मग मी राहत नाही.’

मी तिथेच थांबले. राहत नाही म्हणजे घरात, गावात राहत नाही, की जगात राहत नाही? आमच्याकडे दोन्ही अर्थी बोलतात. आणि इथे अर्थावर कलम ठरतं. मद्रास उच्च न्यायालयाचा १९१७ सालचा एक निकाल वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. त्यात नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. बहुमताने ते ‘कोअर्शन’ ठरलं, एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. म्हणजे थोरला जीव देण्याबद्दल बोलला असेल तर वकिलांचा ‘कोअर्स्ड’ खरा ठरायला जागा आहे. घर सोडण्याबद्दल बोलला असेल तर तो नुसता रुसवा.

मी फोन केला, वकील लगेच आले. वाक्य वाचून त्यांचा चेहरा उजळला. “लिहा, ‘आय विल एंड माय लाइफ’.” मी म्हटलं, “साहेब, जीव हा शब्द नोंदीत नाही.” त्यांनी माझ्यासमोरच पक्षकार बाईंना फोन लावला, आवाज मोठा केला आणि विचारलं, भाऊ नेमकं काय म्हणाले होते?

पलीकडून उत्तर आलं, “आते माले काय इचारतस भाऊ? ऱ्हास नही म्हने. त्याना मनमा काय व्हतं ते त्यालेच माहीत.” मग थोडं थांबून, “मी भ्यायनी.”

कशाला भ्याली, हे वकिलांनी विचारलं नाही. तो प्रश्न उलटतपासानंतरच्या फेरतपासात विचारायला हवा होता, तिथेही कुणी विचारला नव्हता. आता फोनवर जे कळेल ते नोंदीबाहेरचं, ते मला वापरता येत नाही.

मी ‘देन आय विल नॉट रिमेन’ लिहिलं. ‘रिमेन’मध्ये दोन्ही वाटा उघड्या राहतात, ‘स्टे’ने एक बंद झाली असती, ‘लिव्ह’ने दुसरी. खाली भाषांतरकाराची टीप दिली की मूळ मराठी शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. ती टीप वकिलांना नको होती. टीप म्हणजे समोरच्या बाजूला आयतं हत्यार, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, टीप काढायची असेल तर प्रमाणपत्रावर माझी सही मिळणार नाही. थोड्या कुरबुरीनंतर त्यांनी टीप राहू दिली. माणूस वाईट नाही, पक्षकारासाठी झटणारा आहे. पण हत्यार म्हणून वापरायचं झालं तर ती टीप त्यांच्याही हाती तेवढीच धारदार आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही. दुसरा अर्थ शक्य आहे हे न्यायमूर्तींना कळण्याचा तो एकच रस्ता आहे, कारण नुसतं ‘रिमेन’ वाचून मुंबईत वाढलेल्या माणसाच्या मनात विहीर किंवा फवारणीचं औषध येणार नाही. गिरणाकाठच्या बहिणीच्या मनात ते आधी येतं.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. धमकीचा अर्थ देणाऱ्याच्या मनावरून ठरवायचा की ऐकणारीच्या? कलम १५ देणाऱ्याचा हेतू विचारतं. कलम १४ संमती मोकळी होती का हे विचारतं, म्हणजे तिच्या बाजूने पाहतं. भावाने मोघम बोलूनच काम साधलं असेल, तर त्या मोघमपणाचा फायदा त्यालाच का मिळावा? हा युक्तिवाद करणं माझं काम नाही. वकिलांना मी तो बोलून दाखवला, त्यांनी डायरीत टिपून घेतला.

अपील दाखल झालं आहे, अंतिम सुनावणी व्हायची आहे. बाई यंदा आखाजीला माहेरी गेल्या नाहीत, असं वकिलांच्या कारकुनाने सांगितलं.