आमची वाटचाल : कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसला आम्ही नाही म्हणालो त्याची गोष्ट

आमचा धंदा दुरुस्तीपासून सुरू झाला. पेंटियम ४ प्रोसेसरचे दिवस होते. संगणक असेंबल करून देणारे पुष्कळ होते, आणि तो बिघडला की हात वर करणारेही बहुधा तेच. ती मशीनं आमच्याकडे यायची. तक्रारी ठरलेल्या: आपोआप रीस्टार्ट होतो, गेम लावला की बंद पडतो, विंडोज सारखी करप्ट होते. "व्हायरस असणार हो," हे निदान ग्राहक घरूनच करून यायचा. फॉरमॅट मारून झालेलं असायचं, रॅम बदलून झालेली असायची. आम्ही टेबलावरचा खात्रीचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा) जोडायचो आणि बरेचदा मशीन मुकाट्याने चालू लागायचं.

मग मेलेले एसएमपीएस उघडून बघायची सवय लागली. (हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेहून जास्त व्होल्ट साठून राहू शकतात.) धूळ झटकली की खरी गंमत दिसायची. बोर्डवर लाइन फिल्टरच्या (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) कॉइलची जागा आखलेली, एमओव्हीची (विजेचा अचानक आलेला झटका शोषणाऱ्या भागाची) जागा आखलेली, भोकंही पाडलेली. भाग मात्र नाहीत. कॉइलच्या जागी तारेचा तुकडा सोल्डर करून टाकलेला, एमओव्हीची जागा सरळ मोकळी. म्हणजे डिझाइन कुणीतरी नीट केलं होतं, आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी बसून एकेक भाग वगळला होता. आउटपुटकडे १०५ अंशांचे कपॅसिटर हवेत तिथे ८५ अंशांचे, त्यांची डोकी फुगलेली, बुडाशी तपकिरी चिकटा वाळलेला.

वरचं लेबल म्हणायचं ४५० वॅट. त्याच लेबलावर बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनपुढे १६ अँपिअर लिहिलेलं असायचं. गुणाकार करा: १९२ वॅट. पेंटियम ४ पासून प्रोसेसरची वीज चार पिनांच्या वेगळ्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर आली. स्वस्त एसएमपीएसचा सगळा जोर मात्र जुन्या डिझाइनप्रमाणे ५ आणि ३.३ व्होल्टवरच राहिला. शिवाय १२ आणि ५ चं नियंत्रण एकत्र. १२ वर भार वाढला की १२ खाली बसतं आणि ५ वर चढतं. तेव्हाच्या एटीएक्सच्या (संगणकाच्या भागांसाठी ठरलेल्या मानकाच्या) नियमाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी होती आणि तिच्यावरचं रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक जलद थरथर, १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. मल्टिमीटरवर आकडा बरा दिसतो. रिपल बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लागतो. आमची पहिली मोठी खरेदी तीच होती, आणि इतक्या छोट्या कामाला हे कशाला, असं घरच्यांनीही विचारलं होतं.

यूपीएसवर विनाकारण बोल लावले जातात तेही अशा स्वस्त एसएमपीएसमुळेच. वीज गेली की साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या साठ्यावर काढायचा असतो. आतला मोठा कपॅसिटर खुजा असेल तर तो तेवढाही तग धरत नाही, आणि ग्राहक यूपीएस बदलून येतो.

सगळ्यात वाईट प्रकार ५ व्होल्ट स्टँडबायचा. संगणक बंद असला तरी प्लग चालू असेतो हा भाग जागाच असतो. स्वस्त मालात त्याचं सर्किट अगदीच जुजबी असतं. त्यातला एक छोटा कपॅसिटर वाळला की व्होल्टेज वर चढतं आणि अडवायला संरक्षण नसतं. रात्री नीट बंद केलेल्या संगणकाचा मदरबोर्ड सकाळी मेलेला सापडतो तो असा. मुख्य लाइनचं व्होल्टेज असंच वर चढलं तर हार्ड डिस्कही जाऊ शकते. मदरबोर्ड नवा आणता येतो, हार्ड डिस्कमधले फोटो कुठून आणणार?

म्हणून स्वतः असेंबलीत उतरलो तेव्हा पहिल्यापासून कॅबिनेट (संगणकाची बाहेरची पेटी) रिकामी घेतली आणि एसएमपीएस वेगळा. धंद्याच्या दृष्टीने हे सोपं नव्हतं. लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, एसएमपीएस कुणी विचारत नाही. कोटेशनमध्ये तीच ओळ खटकते. "तेच कॉन्फिगरेशन दुसरीकडे कमीत मिळतंय" हे वाक्य आम्ही किती ऐकलं असेल! शेवटी काउंटरवर दोन उघडे एसएमपीएस ठेवले, एक चांगला आणि एक कॅबिनेटबरोबर आलेला. हिटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीची) जाडी, वायरची जाडी, रिकाम्या जागा. बोलायचं काम निम्मं झालं. तरीही जे हलले नाहीत, त्यांची ऑर्डर घेतली नाही.

उलटा मोहही टाळला. नेहमीच्या कामाच्या मशीनला ७५० वॅटचा धोंडा गळ्यात मारायचं कारण नाही. प्रामाणिक ४५० पुरतो. २००४ पासून आलेला ८० प्लसचा शिक्का कामाचा आहे, पण तो फक्त कार्यक्षमता सांगतो. ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, शॉर्टसर्किटची संरक्षणं आहेत की नाहीत, ते त्यावरून कळत नाही. त्याच्यासारखे दिसणारे नकली शिक्केही आम्ही पाहिलेत.

आता ग्राफिक्स कार्डांनी नवं काम लावलंय. ती क्षणार्धात आपल्या सरासरीच्या दुप्पट वीज ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये म्हणूनच मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट आली. जुना एसएमपीएस ठेवून फक्त कार्ड बदलायचं असेल, तर आम्ही आधी त्याचं लेबल आणि वय विचारतो, मगच कार्डाचं बोलतो.