तुम्ही विचारलंत म्हणून: इथं बर्फ नव्हता, मग हिमयुग कसलं?

‘बाई, आपल्याकडं बर्फ तरी पडला होता का कधी? मग हिमयुगाचा आणि आमच्या फुलपाखरांचा संबंध कुठून आला?’ बेळगाव, खानापूर, जांबोटी, जिथं कुठं मी फुलपाखरांवर बोलायला जाते तिथं हा प्रश्न येतोच. कधी कॉलेजच्या पोरांकडून, कधी काजूच्या बागेत उभं राहून ऐकणाऱ्या एखाद्या काकांकडून. प्रश्न अगदी रास्त आहे. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून एकदा बैजवार लिहिते.

बर्फ इथं आला नाही. इथं आला तो दुष्काळ, आणि तो हजारो वर्षं टिकला.

शेवटच्या हिमयुगातला सर्वांत कडक काळ साधारण २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वीचा. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर तेव्हा बर्फाचे प्रचंड थर बसले होते. इतकं पाणी जमिनीवर गोठून राहिलं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली. गोव्याचा आणि कोकणचा किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला सरकला. आपला पावसाळा दोन गोष्टींवर चालतो: उन्हाळ्यात तापणारी आशियाची जमीन आणि समुद्रावरून उठणारी वाफ. थंडीच्या त्या काळात दोन्ही मंदावल्या आणि नैर्ऋत्येचा वारा दुबळा झाला.

हे नुसतं अनुमान नाही. नीलगिरीच्या माथ्यावर पाणथळ जागी कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून राहिलेले आहेत. उष्ण, कोरड्या हवेत वाढणारी गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात, झाडंझुडपं दुसऱ्या पद्धतीनं, आणि त्या फरकाची खूण मेलेल्या पाल्यातही राहते. पर्यावरणशास्त्रज्ञ रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या थरांतला कार्बन तपासला. हिमयुगाच्या ऐन भरातल्या थरांत कोरड्या हवेतल्या गवतांची खूण ठळक निघाली. सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत ओल्या हवेची. पाऊस परतला होता.

आता फुलपाखरांकडं येते, पण त्यासाठी आधी युरोपात जावं लागेल. हे कोडं तिथं आधी सुटलं. गॉडफ्री ह्युइट हे इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले शास्त्रज्ञ मुळात नाकतोड्यांचे अभ्यासक. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज पर्वत आहे. त्याच्या दोन्ही अंगांना एकाच जातीचे नाकतोडे राहतात, दिसायलाही जवळपास सारखे. पण दोन बाजूंच्या नर-मादीची जोडी लावली तर पहिल्या पिढीतले नर वांझ निघतात. याचा उलगडा असा झाला की स्पेनकडचे नाकतोडे हिमयुगात स्पेनमध्येच तगले होते आणि फ्रान्सकडचे बर्फ हटल्यावर बाल्कन प्रदेशातून पसरत आले. पिरेनीजवर भेट झाली तेव्हा ते एकमेकांना परके होऊन गेलेले होते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला सगळीकडं भेटतो. बर्फ वाढला म्हणून उत्तरेकडचे जीव दक्षिणेला पळून गेले, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. उत्तरेकडचे बहुतेक तिथंच संपले. दक्षिणेला स्पेन, इटली, बाल्कन इथं जे आधीपासून होते ते उरले. पुढं ऊब आली तेव्हा या उरलेल्यांतले, त्यातही अगदी उत्तरेच्या कडेचे थोडे, रिकाम्या जमिनीवर पहिल्यांदा पोचले आणि त्यांचीच प्रजा वाढली. मागून आलेल्यांना जागाच उरली नाही. एखाद्या गावातून दोन भाऊ निघून माळावर नवी वाडी वसवतात आणि काही पिढ्यांनी त्या वाडीत एकच आडनाव ऐकू येतं, मूळ गावात मात्र पन्नास असतात. जनुकांचं तसंच झालं. आश्रयाच्या जागी विविधता जास्त, नव्यानं भरलेल्या मुलखात कमी.

फुलपाखरांत याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे चॉकहिल ब्लू. चुनखडीच्या माळावर उडणारं फिकट निळं, छोटंसं फुलपाखरू. जर्मन संशोधक टोमास श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपभर त्याची जनुकं तपासली तेव्हा दोन घराणी सापडली: एक इटलीत तगलेलं, एक बाल्कनमध्ये. दोघं पसरत पसरत मध्य युरोपात, जर्मनीच्या पूर्व भागाच्या आसपास येऊन भेटतात. पश्चिमेकडच्या घराण्यात तर उत्तरेला जावं तशी विविधता कमी होत जाते. पंखांवर यातलं काही ठळक दिसत नाही. पुस्तक हातात घेऊन माळावर उभे राहिलात तर दोन्हींना एकच नाव द्याल.

हे सगळं मी खानापुरात का सांगते? कारण हवामान बदलतं म्हणजे काय होतं हे पाहायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांबोटीवरून बेळगावात आलात की तेराशेच्या आत-बाहेर. पुढं अथणीकडं गेलात की सहाशेच्या आसपास. सकाळी कणकुंबीहून बसनं निघालेला माणूस दुपारपर्यंत दाट रानातून बाभळीच्या माळावर पोचतो. फुलपाखरंही वाटेत बदलतात. कणकुंबी-भीमगडच्या रानात मलबार ट्री निम्फ झाडांमधून कागदाच्या कपट्यासारखं तरंगत जातं, सदर्न बर्डविंग सापसंदीच्या वेलीवर अंडी घालायला येतं. ब्लू मॉर्मन म्हणजे आपलं नीलवंत तर ओढ्याकाठी हमखास. (महाराष्ट्राचं राज्य-फुलपाखरू नीलवंत, कर्नाटकाचं बर्डविंग, खानापूरच्या रानात दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात, याचा मला फार आनंद आहे.) पूर्वेला मात्र स्मॉल ऑरेंज टिप भेटतं. त्याच्या गोतावळ्यातली बहुतेक फुलपाखरं आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांची.

आता पाऊस कमी करून बघा. अथणीची हवा पश्चिमेला सरकेल, बेळगाव ओलांडेल, खानापूरच्या दारात येईल. सदाहरित रान एकसलग राहणार नाही. घाटाच्या पश्चिम उतारावरच्या घळी, बारमाही ओढे, धुकं अडवणारे कडे, एवढ्यापुरतंच ते उरेल, आणि अशा दोन तुकड्यांमध्ये गवताळ माळ येईल. ट्री निम्फसारखं सावलीतलं फुलपाखरू तो माळ सहसा ओलांडत नाही. प्रत्येक तुकड्यातल्या फुलपाखरांचं मीलन आपापसातच होत राहणार, काही जनुकं योगायोगानं वाढणार, काही कायमची जाणार. ऑरेंज टिपला मात्र हाच काळ पसरायला मोकळा. हिमयुग सगळ्यांना सारखंच वाईट गेलं असेल असं मला म्हणूनच वाटत नाही.

दक्षिणेचं मोठं चित्रही याला जुळतं. पश्चिम घाटात नुसता पाऊस पाहून चालत नाही, कोरडे महिने मोजावे लागतात. केरळच्या दक्षिणेला ते दोन-तीन, आपल्याकडं पाच-सहा, उत्तरेला आणखी जास्त. सदाहरित रानातल्या झाडांच्या, बेडकांच्या, फुलपाखरांच्या कितीतरी जाती दक्षिणेकडून इथपर्यंत येता येता विरळ होतात. खानापूरचं रान त्या ओल्या जगाच्या उत्तरेच्या कडेला आहे, आणि कडेच्या रानात कोरड आधी पोचते. तरीही इथं ओल टिकवणाऱ्या जागा आहेत. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत गेलात की निरंकाराची राई लागते. रानजायफळाच्या कुळातली झाडं तिथं चिखलातून वर आलेल्या मुळांवर उभी आहेत. पाणी आटलं की ही झाडं जगत नाहीत. दुबळ्या पावसाळ्यांत ओल्या रानाचे जीव जिथं तगले असतील त्या जागा अशाच असणार, असा माझा तर्क आहे.

सगळंच हिमयुगाच्या खात्यावर टाकू नये, हेही सांगायला हवं. माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात मांडलं की हिमालयाकडचे मासे सातपुड्याच्या वाटेनं, हिमयुगांतल्या ओल्या टप्प्यांत, दक्षिणेला आले. हिमालयात आणि नीलगिरीत दिसणारे, पण मधल्या मुलखात नसलेले जीव पाहून ही कल्पना फार पटते. कोलियास वंशातली पिवळी फुलपाखरं उत्तरेच्या थंड मुलखातली, तरी त्यातलं एक नीलगिरीच्या गवतावर उडतंच. पण साम्य फसवतंही. नीलगिरी ताहर आणि हिमालयी ताहर हे डोंगरातले रानबकरे सख्खे भाऊ मानले जायचे. डीएनए पाहिल्यावर नीलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या जवळचा निघाला. दक्षिणेतल्या एका डोंगरी पक्ष्यावर २०१० साली झालेल्या अभ्यासातही त्याची मुख्य फाटाफूट पालघाटच्या खिंडीसारख्या जुन्या भेगांशी जुळली. हवामानाचा हात होता, पण त्या भेगांच्या बरोबरीनं.

आकडेमोड करून बघितली तर हे आणखी स्पष्ट होतं. फुलपाखरांची ओळख पटवायला मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, डीएनएतला ६५८ अक्षरांचा एक तुकडा वापरतात. फुलपाखरांचे संशोधक अँड्र्यू ब्राउअर यांच्या १९९४ च्या हिशेबानुसार एकमेकांपासून वेगळ्या झालेल्या दोन घराण्यांमध्ये दहा लाख वर्षांत साधारण २.३ टक्के फरक पडतो. वीस हजार वर्षांत त्या तुकड्यात एक अक्षरसुद्धा पुरतं बदलत नाही! म्हणजे शेवटच्या हिमयुगानं नवं फारसं लिहिलं नाही, आधीचं खोडलं. खोल फरक दिसले तर ते जुन्या फेऱ्यांचे समजावेत. हिमयुगांचं हे येणं-जाणं जवळपास २६ लाख वर्षं चालू आहे, आणि प्रत्येक वेळी रान आक्रसलं, पसरलं. शिवाय हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि वोल्बाकिया नावाचा जिवाणू मादीतून मादीत जाताना स्वतःबरोबर एकच मायटोकॉन्ड्रिया सगळीकडं पसरवू शकतो. अशा वेळी हिमयुग आणि जिवाणू यांची खूण एकसारखी दिसते. म्हणून पेशीच्या केंद्रकातली, आई-बाप दोघांकडून येणारी जनुकंही तपासावी लागतात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एवढे दुष्काळ सोसलेली फुलपाखरं आताचंही सोसतील की?’ मला तसं वाटत नाही, आणि हे मी काळजीनं सांगते. तेव्हा रान आक्रसलं ते हजारो वर्षांत, आणि पाऊस परतल्यावर मधला माळ पुन्हा रानानं भरायला मोकळा होता. आता दोन तुकड्यांच्या मध्ये रुंद रस्ता, ऊस, रिसॉर्टचं कुंपण असतं. ओढ्याकाठची झाडं आधी तुटतात, आणि कोरड्या काळात आसरा देणारी जागा नेमकी तीच. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. पण त्याच्या हद्दीबाहेरचे, जांबोटी-कणकुंबीच्या शेतांमधून जाणारे सावलीचे ओढे कुणाच्याच यादीत नाहीत. ते ज्यांच्या शेतातून जातात त्या काका-मावश्यांनी काठची झाडं ठेवावीत, एवढं मी प्रत्येक ठिकाणी मागते.

एक राहिलं. ‘डीएनएसाठी फुलपाखरू मारावं लागतं का?’ हे पोरं हमखास विचारतात. नाही. एक पाय पुरतो, आणि फुलपाखरू पाच पायांवर पुढं जगतं. अर्थात अभयारण्यात काहीही गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय हात लावू नका. वाळलेल्या जुन्या नमुन्यांतूनही डीएनए मिळतो. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाचण्या लावलेल्या फुलपाखरांची जुनी पेटी धूळ खात पडली असेल तर ती टाकून देऊ नका. नमुन्याखाली गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती तशीच राहू द्या, आणि मला कळवा.