तिवई

दुपारचं जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर फोटो उडवायला बसतो. काढायला अख्खी सकाळ जाते, उडवायला अर्धा तास पुरतो. त्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरचे दीडशे फोटो होते. पहाटे साडेचारला उठून, निफाडपर्यंत कुडकुडत जाऊन, चापडगावच्या मनोऱ्यावर चढून काढलेले. एक चित्रबलाक बरा आला होता. बाकी सगळ्यांना दोन-दोन चोची.

"हा काय आहे?" हिने मागून विचारलं.

"वारकरी. काळा पक्षी असतो, कपाळावर पांढरा टिळा."

"टिळा कुठे दिसत नाही. सगळा बुक्काच दिसतोय."

मग मी कारणं सांगायला घेतली. धुकं होतं. मनोऱ्यावर शाळेची सहल चढली आणि सगळा मनोरा हलायला लागला. तीनशेची लेन्स नुसत्या हातात धरायची तर शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षा हळू ठेवून चालत नाही, आणि तेवढा उजेड नव्हता. शिवाय पक्षी हलला.

"आणि हा बगळा? तोही हलला?"

बगळा हलत नाही. बगळ्याचा धंदाच तो आहे.

म्हणून ट्रायपॉड घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणजे चार दिवस मोबाइलवर बघितलं. ज्यांनी घेतला त्यांतले निम्मे म्हणतात पैसा वसूल, उरलेले निम्मे म्हणतात दुसऱ्या दिवशी पाय निखळला. फोटोंमध्ये तो कायम बर्फाच्या डोंगरावर उभा असतो. आमच्याकडे तो फार तर ब्रह्मगिरीवर उभा राहणार, तोही मी तिथवर पोचलो तर. गुडघे आता वजनाचा हिशोब मागतात, तेव्हा हलका हवा. लेन्स जड, म्हणून मजबूत हवा. आणि पेन्शन ही पेन्शन असते, म्हणून स्वस्त हवा. या वस्तूचे खरे तीन पाय हेच, आणि माझ्या बजेटात त्यातले दोनच बसत होते.

शेवटी एम. जी. रोडला गेलो. मला वस्तू दाबून, ठोकून, वाकवून बघितल्याशिवाय घेता येत नाही. हा आईचा वारसा. उन्हाळ्यात माठ घ्यायला ती मला बरोबर न्यायची आणि कुंभाराच्या पुढ्यातले वीस-पंचवीस माठ बोटाच्या पेराने एकेक करून वाजवायची. कान तिरपा, डोळे मिटलेले. कुंभार बिचारा घाम पुसत बसलेला. पंचविसावा वाजवून झाला की ती पहिलाच माठ उचलायची. तर दुकानातल्या पोराने पहिला ट्रायपॉड उघडला, बाराशे रुपयांचा, आणि मी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवून सगळा भार दिला. तो असा काही मुरडला की पोराचाच जीव कळवळला.

"काका, हे मोबाइलसाठी आहे. तुम्हाला रील बनवायचीय का?"

"पक्षी."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे बघितलं आणि मागच्या फळीवरून दुसरे दोन काढले. एक कार्बन फायबरचा. उचलला तर हातात काठीही नसल्यासारखं वाटलं. किंमत ऐकली आणि हळूच खाली ठेवला. दुसरा ॲल्युमिनियमचा, साधारण सव्वा किलो, पाय पाच घड्यांचे. घडी केली की शबनममध्ये मावेल एवढा. पण पाच घड्या म्हणजे शेवटची कांडी करंगळीएवढी, आणि सगळा भार तिच्यावर. चार घड्यांचा घेतला तर घडी लांब होते, पाय मात्र जाड राहतात. मी चार घड्यांचा मागितला. त्याने उंचीसाठी मधला दांडा वर खेचून दाखवला, मी तो परत खाली ढकलला. दांडा वर काढला की तीन पायांचं सगळं पुण्य संपतं, वर एकाच पायावरची कसरत सुरू होते. एवढं चार दिवसांत शिकलो होतो. शिकलेलं कुठेतरी दाखवायला हवंच.

"डोकं बॉलचं देऊ का हँडलचं?"

हँडलचं डोकं व्हिडिओवाल्यांना बरं, सावकाश फिरतं. पण ते बॅगेत कायम कशात तरी अडकतं. बॉलचं घेतलं. एक खिट्टी सैल केली की कॅमेरा वाटेल तिकडे मान टाकतो. सैल करताना दुसरा हात कॅमेऱ्यावर नसेल तर नकोही तिकडे टाकतो, हे त्याने सांगितलं नाही. घरी येऊन कळलं.

कॅमेऱ्याच्या बुडाला जो स्क्रू लागतो तो पाव इंची. जगात जवळजवळ कुठलाही कॅमेरा घ्या, पाव इंच. आपल्याकडे मीटर-सेंटिमीटर येऊन साठ वर्षं उलटली, दूध लिटरने आणि कापड मीटरने झालं, पण नळवाला, टीव्हीवाला आणि हा स्क्रू यांना अजून कुणी कळवलेलं नाही. मला हे फार आवडतं. कुठेतरी एक गोष्ट तरी सगळ्यांची सगळ्यांना बसते.

"आणि हा हूक बघा," पोरगा म्हणाला. मधल्या दांड्याच्या खाली एक आकडा होता. "वारा असला की इथे बॅग लटकवायची. मग हलणार नाही."

म्हणजे हलका आहे म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे, आणि मग हलका आहे म्हणून हलतो, तर त्याला ओझं टांगायचं! मी हसलो तसा पोरगाही हसला, आणि त्या हसण्यात दीडशे रुपये कमी करून घेतले.

परत येताना रविवार कारंज्यावर रिक्षात अडकलो आणि मांडीवरच्या त्या पिशवीमुळे घरची तिवई आठवली. तिवंध्यात आमचा वाडा होता; पत्त्यातच तीन ऐकू यायचा. तिवई पितळेची, भांडी बाजारातून आजीच्या सासूने आणलेली. वर एक कडं, खाली तीन बाक काढलेले पाय. श्रावणात देवघरात तिच्यावर गळती ठेवायची आणि खाली महादेवाच्या पिंडीवर दिवसभर थेंब-थेंब पाणी. दुपारी घर निजलं की तो थेंबांचा आवाज माजघरापर्यंत यायचा.

नागपंचमीला आत्या माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी परत जायची, म्हणून बाबांनी मामाचा कॅमेरा मागून आणला. त्याला सेल्फ टायमर होता आणि बाबांना तो वापरायचाच होता, कारण एरवी फोटो काढणारा फोटोत नसतो. पण कॅमेरा ठेवायचा कशावर? आधी स्टूल आणलं. चौकातली फरशी उंचसखल, स्टूल डुगडुगायला लागलं. घडी केलेला कागद घातला, मग पत्ता घातला, तरी एक पाय अधांतरीच. चार पायांचं हेच दुखणं. तीन पाय कसल्याही जमिनीवर निमूट बसतात. चुलीला तीन दगड, शंखाच्या अडणीला तीन पाय. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याने कधी भूमिती शिकली नसेल. बाबांना देवघर आठवलं.

आजी आत पडली होती. बाबांनी गळती उतरवून ताम्हनात ठेवली, तिवई ओट्यावर आणून मांडली, कड्यावर डब्याचं झाकण, झाकणावर कॅमेरा, आणि सगळं सुतळीने जखडून टाकलं. श्रावणातलं ऊन नुकतंच पडलेलं, फरशी ओली. आम्ही नऊ जण ओळीत. बाबांनी खटका दाबला. कुर्रर्र असा आवाज सुरू झाला, आणि बाबा शेवाळावरून घसरत, धोतर सावरत आमच्याकडे पळत सुटले.

आजीला जाग आली ती मात्र थेंब थांबल्यामुळे. आवाजाने जाग येते, तिला आवाज बंद झाल्याने आली. ती देवघरात गेली, बघितलं, आणि थेट चौकात. "अरे मेल्या, देवाच्या डोक्यावरची धार तोडलीस एका फोटोपायी!" एवढं बोलून होतं न होतं तोच खट्ट झालं.

तो फोटो माझ्याकडे आहे. तिवई जागची तसूभर हलली नव्हती. आत्याच्या बांगड्या मोजता येतात, मागच्या खांबावरची पाल दिसते. डाव्या कडेला आजी, पदर खांद्यावरून ओघळलेला, तोंड उघडं, बोट कॅमेऱ्याकडे. तिचा याहून खरा फोटो कुणी काढला नाही. स्टुडिओतला एक आहे, हात मांडीवर ठेवलेला, त्यातली बाई मी ओळखत नाही. आणि ओळीच्या मधोमध बाबा. बाबा मात्र हललेले. पोचले होते, पण थांबले नव्हते. चेहऱ्याच्या जागी एक पांढरट फराटा आणि त्यात चष्म्याची चमक.

पुढे शेवटच्या काही वर्षांत बाबांचे हात हलायला लागले. आई त्यांना कप अर्धाच भरून द्यायची, दोनदा द्यायची. आम्ही कुणी त्यावर बोलायचो नाही.

हे ट्रायपॉडचं चालू होतं. आमच्या जिल्ह्यात या विषयावर बोलायचं तर फाळक्यांना टाळता येत नाही. त्र्यंबकचा माणूस. 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी फीत त्या कुंडीवर खर्चली. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, वेल वर चढला. सगळे त्या वाटाण्याचं कौतुक करतात. मला मात्र आश्चर्य वाटतं ते इतके दिवस भरल्या घरात कॅमेरा एका जागी राहिला याचं. मुलं, पाहुणे, केरसुणी, कुणाचाच धक्का नाही! लागला असता तर वाटाण्याऐवजी भूकंपच दिसला असता. सरस्वतीबाईंचा वचक असणार. फीत धुण्यापासून भोकं पाडण्यापर्यंत त्या कामात बरोबरीने होत्या, कॅमेऱ्याचं मोल त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे ट्रायपॉड संध्याकाळी गॅलरीत उभा केला आणि सकाळी त्यावर ओलं पोतेरं होतं.

"वाळत घालायला बरंय," ही म्हणाली. "उंची कमीजास्त होते."

तिवई तिथेच आहे, गॅलरीत, मनीप्लँटच्या कुंडीखाली. मागे मी ती वजनकाट्यावर ठेवली होती, साडेतीन किलो भरली. तिने आयुष्यात एकच फोटो काढला आणि तो स्थिर आला.

मी पोतेरं काढलं, नवा ट्रायपॉड पुसला, पाय पुरते फाकवले, मधला दांडा खाली ठेवला आणि हुकाला दोन किलो कांद्यांची पिशवी टांगली. समोरच्या तारेवर बुलबुल येऊन बसतो. शटर बोटाने दाबलं तरी कॅमेऱ्याला धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. खट्ट. बुडाखालची तांबडी पिसं वेगवेगळी दिसत होती. मी कॅमेरा तसाच घरात नेऊन हिला दाखवला.

"छान आलाय," ती म्हणाली. खरंच म्हणाली. मग तिने चहाची कपबशी माझ्या हातात दिली. कप बशीवर किणकिणायला लागला. बारीकसाच आवाज, पण दुपार शांत होती, दोघांनाही ऐकू आला.

"कपाला काय लावणार?" तिने विचारलं. "डॉक्टरकडे कधी जायचं?"

मी म्हटलं, बघ ना, मधला दांडा अजिबात वर काढला नाहीये.